टेक्सासची घरपट्टी आणि मूल्यांकनावरची हरकत

टेक्सासमध्ये मालमत्ता कराची आकारणी घराच्या १ जानेवारीच्या बाजारमूल्यावर होते. हे मूल्य मान्य नसेल तर त्यावर हरकत घेण्याचा हक्क प्रत्येक घरमालकाला कायद्याने दिला आहे. राज्यात वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नसल्याने शाळा, काउंटी, शहर, सार्वजनिक रुग्णालये या सर्वांचा मोठा भार घरांवर येतो. सगळे दर एकत्र केले तर पुष्कळ उपनगरांत ते मूल्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास जातात, म्हणजे सवलती धरल्या नाहीत तर चार लाख डॉलरच्या घराला वर्षाला सुमारे आठ हजार डॉलर. महाराष्ट्रातून नोकरीसाठी येऊन प्लेनो, फ्रिस्को, केटी किंवा राउंड रॉक येथे घर घेतलेल्या कुटुंबांना पहिल्या वर्षी हा आकडा चांगलाच हादरवतो. कर्जाचा हप्ता त्यांनी नीट मोजलेला असतो, पण कराचा अंदाज बांधताना बहुतेकांचे भान सुटते.

या व्यवस्थेत मूल्य ठरवणारे, दर ठरवणारे आणि पैसे गोळा करणारे वेगवेगळे असतात. मूल्य ठरवण्याचे काम काउंटीचे अप्रेझल डिस्ट्रिक्ट करते. दर शाळामंडळ, शहर आणि काउंटी आपापले ठरवतात, आणि वसुली कर कार्यालय करते. १९७९ पूर्वी प्रत्येक करसंस्था आपापले मूल्यांकन करत असे, त्यामुळे एकाच घराचे शाळेच्या दप्तरी एक मूल्य आणि शहराच्या दप्तरी दुसरेच, असा प्रकार होता. आमदार वेन पेव्हेटो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९७९च्या कायद्याने हे काम काउंटीपातळीवरच्या एका कार्यालयाकडे दिले आणि तक्रारीसाठी स्वतंत्र पुनर्विलोकन मंडळ आणले. ही विभागणी समजल्याशिवाय हरकतीला हात घालू नये. सुनावणीला येणाऱ्यांपैकी कितीतरी जण आपला सगळा वेळ ‘कर परवडत नाही’ हे सांगण्यात घालवतात. त्यांचे दुःख खरे असते, पण समोर बसलेल्यांच्या हातात कर नसतो. दराबद्दल बोलायची जागा म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होणाऱ्या शाळामंडळाच्या आणि शहराच्या जाहीर सभा. हरकतीत फक्त घराच्या मूल्याबद्दल बोलायचे असते.

अप्रेझल डिस्ट्रिक्टकडून येणाऱ्या मूल्याच्या नोटिशीवरचा आकडा कुठून येतो, हे कळले की त्याची भीती बरीच कमी होते. त्या कार्यालयाचा माणूस दरवर्षी घरात येऊन पाहणी करत नाही. कायद्याप्रमाणे प्रत्येक मालमत्तेचे फेरमूल्यांकन तीन वर्षांतून एकदा तरी व्हावे लागते, आणि बहुतेक काउंट्या घरांचे मूल्य दरवर्षी बदलतात. हजारो घरांचे मूल्य एकाच वेळी काढायचे असल्याने गणित वस्तीच्या पातळीवर होते. घराचे क्षेत्रफळ, बांधकामाचे वर्ष, दर्जा, स्थिती, जमिनीचा आकार एवढ्या गोष्टी संगणकात असतात. त्या वस्तीत झालेल्या विक्रीवरून एक गुणक निघतो आणि तो सरसकट लागतो. ही पद्धत वस्तीच्या सरासरीला न्याय देते. पण ज्या घराची फरशी एका बाजूला खचली आहे, ज्याच्या कुंपणाला लागून सहापदरी रस्ता जातो, ज्याच्या स्वयंपाकघराला बांधल्यापासून हात लागलेला नाही, ते घर या सरासरीत दिसत नाही. नोटीस म्हणजे कार्यालयाचा अंदाज, निवाडा नव्हे. तो तपासून घेण्याची वाट कायद्यानेच ठेवली आहे आणि घरमालकाने ती निःसंकोच वापरावी.

नोटीस साधारण एप्रिलमध्ये येते. तिच्यावर दोन आकडे असतात आणि लोकांचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. एक बाजारमूल्य, दुसरे करासाठी धरलेले मूल्य. स्वतः राहत असलेल्या घरासाठी होमस्टेडची सवलत घेतली असेल तर दुसरा आकडा वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढू शकत नाही. नवे बांधकाम केले असेल तर त्याची भर वेगळी. समजा मागच्या वर्षी करासाठी धरलेले मूल्य ४ लाख १० हजार डॉलर होते आणि यंदा बाजारमूल्य ५ लाख २० हजार लागले. मर्यादेमुळे यंदा करासाठी ४ लाख ५१ हजारच धरले जातील. या मालकाने हरकत घेऊन बाजारमूल्य ४ लाख ८० हजारांवर आणले, तरी यंदाच्या करात एक डॉलरचाही फरक पडणार नाही. फरक पडायला ते ४ लाख ५१ हजारांच्या खाली यावे लागेल. मात्र पुढच्या वर्षी मर्यादा ४ लाख ९६ हजारांपर्यंत सरकते, आणि तेव्हा खाली आलेले बाजारमूल्य उपयोगी पडू शकते. म्हणून नोटीस हातात आल्यावर आधी या दोन आकड्यांमधले अंतर पाहावे आणि मगच किती मेहनत घ्यायची ते ठरवावे.

नव्याने घर घेणाऱ्याला या मर्यादेचा आधार लगेच मिळत नाही. आधीच्या मालकाची मर्यादा विक्रीबरोबर संपते आणि नव्या मालकाची होमस्टेड मिळाल्याच्या पुढच्या वर्षापासून लागू होते. मधल्या काळात मूल्य कितीही उडी मारू शकते. पहिल्या-दुसऱ्या वर्षातली हरकत म्हणूनच सर्वांत मोलाची, आणि नेमकी तीच नवखेपणामुळे राहून जाते. होमस्टेडच्या अर्जाबाबतही एक गैरसमज आहे. त्यासाठी अमेरिकी नागरिकत्व लागत नाही. घर मालकीचे असावे, मालक त्यात मुख्यतः राहत असावा आणि टेक्सासच्या ओळखपत्रावर त्याच घराचा पत्ता असावा. कामाच्या व्हिसावर असलेली अनेक कुटुंबे आपल्याला हा हक्क नाही असे समजून अर्जच करत नाहीत. शाळेच्या करासाठी ही सवलत २०२३मध्ये १ लाख डॉलर झाली आणि नोव्हेंबर २०२५च्या मतदानाने ती १ लाख ४० हजार डॉलरवर गेली. हरकतीतून क्वचितच मिळेल एवढा लाभ या एका अर्जातून मिळतो, म्हणून तो आधी भरावा.

हरकतीची मुदत १५ मे, किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस. यांपैकी जी तारीख नंतरची, ती धरायची. अर्ज एका पानाचा असतो आणि बहुतेक काउंट्यांत तो संकेतस्थळावरूनही भरता येतो. त्यात कारणांचे चौकोन असतात. त्यांपैकी दोन कारणे महत्त्वाची: घराचे मूल्य बाजारमूल्यापेक्षा जास्त लावले आहे, आणि इतर तशाच घरांच्या तुलनेत मूल्य असमान आहे. दोन्हींवर खूण करावी. एकाच चौकोनावर खूण केली, तर दुसऱ्या मुद्द्यावर बोलण्याचा मार्ग सुनावणीच्या दिवशी बंद होऊ शकतो. अर्जातच किंवा वेगळ्या पत्राने कार्यालयाकडून त्यांचा पुरावाही मागवावा. मागणी केल्यावर सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी तो द्यावा लागतो, आणि मागूनही न दिलेली माहिती कार्यालयाला सुनावणीत वापरता येत नाही. या एका मागणीने घरमालकाची बाजू किती भक्कम होते, हे ज्यांनी ती एकदा केली आहे त्यांना सांगावे लागत नाही.

पुरावा जमवण्याची सुरुवात घराच्या नोंदपत्रकापासून करावी. हे पत्रक सर्वांना पाहता येते, पण पाहणारे थोडेच. त्यात घराची बाह्यरेषा मापांसह काढलेली असते. दुमजली घरात जिन्यावरची, खाली दिवाणखान्यापर्यंत उघडी असलेली जागा अनेकदा राहण्याच्या क्षेत्रफळात मोजली जाते. गॅरेजवरचा अर्धवट माळा पूर्ण खोली म्हणून नोंदलेला असतो. कधी काढून टाकलेला पोहण्याचा तलाव कागदावर शिल्लक असतो. मोजपट्टी घेऊन बाहेरून भिंती मोजल्या आणि दोनशे चौरस फुटांचा फरक निघाला, तर युक्तिवादाची गरजच उरत नाही. अशी चूक कार्यालयाचा अधिकारी बहुधा तिथल्या तिथे दुरुस्त करतो.

पुढचा मुद्दा घराच्या स्थितीचा. डॅलस आणि ह्यूस्टनच्या परिसरातली काळी चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्या हालचालीने घराचा पाया सरकतो, विटांच्या भिंतीत पायऱ्यांसारखी तिरकी भेग जाते, दारे चौकटीत अडकू लागतात. अशा वेळी नुसते ‘पाया खराब आहे’ म्हणून भागत नाही. भेगेचा फोटो काढताना तिच्याशेजारी पट्टी धरावी, म्हणजे रुंदी दिसते. इंजिनिअरचा अहवाल किंवा दुरुस्ती करणाऱ्या ठेकेदाराचे लेखी अंदाजपत्रक सोबत असावे. पाया, छप्पर, वातानुकूलन यंत्रणा अशा मोठ्या खर्चाच्या गोष्टींना वजन मिळते. रंग उडालेला आहे, गालिचा जुना झाला आहे, यांना फारसे मिळत नाही. आणि हे सगळे १ जानेवारीच्या आधीचे असावे लागते. फेब्रुवारी २०२१च्या गोठवणाऱ्या थंडीत असंख्य घरांचे नळ फुटले, छते कोसळली. पण १ जानेवारीला ती घरे धडधाकट होती, त्यामुळे ते नुकसान त्या वर्षीच्या मूल्याच्या हरकतीत बसत नव्हते. आपत्तीग्रस्त जाहीर झालेल्या भागातल्या, किमान १५ टक्के नुकसान झालेल्या मालमत्तेसाठी तात्पुरत्या सवलतीचा वेगळा अर्ज असतो.

नुकतेच घर घेतले असेल आणि खरेदीची किंमत नोटिशीतल्या मूल्यापेक्षा कमी असेल, तर खरेदीच्या वेळी मिळालेला हिशेबाचा कागद हाच सर्वांत जोरदार पुरावा. मात्र इतरांच्या विक्रीच्या किमती मिळवणे अवघड जाते. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत सरकारला कळवण्याची सक्ती नाही, त्यामुळे हे आकडे मुख्यतः इस्टेट एजंटांच्या सामाईक यादीत असतात. कार्यालयालाही हीच अडचण येते. ऑस्टिनमधल्या एजंटांच्या संघटनेने आपली विक्रीची माहिती वापरण्यास हरकत घेतल्यानंतर ट्रॅव्हिस काउंटीने पुरेशा माहितीअभावी २०२०मध्ये घरांचे फेरमूल्यांकनच केले नाही. सामान्य मालकाने ओळखीच्या एजंटाला आपल्या वस्तीतली १ जानेवारीच्या आसपासची विक्री मागावी. बहुतेक जण आनंदाने देतात. नव्या वसाहतीत आणखी एक गोष्ट पाहावी. विकासकाने गिऱ्हाइकाच्या कर्जाचा व्याजदर खाली आणण्यासाठी स्वतः पैसे भरले असतील, तर कागदावरची किंमत फुगलेली असते. ती रक्कम वजा करूनच तुलना व्हायला हवी, हा मुद्दा आवर्जून मांडावा.

असमान मूल्यांकनाचा मुद्दा मात्र घरमालकासाठी सर्वांत सोयीचा आहे, आणि त्याचा वापर सर्वांत कमी होतो. मालमत्तेवरची करआकारणी समान आणि एकसारखी असावी, हे टेक्सासच्या राज्यघटनेतच लिहिले आहे. कायद्याप्रमाणे पुरेशी तुलनायोग्य घरे घेऊन, त्यांच्यातल्या फरकांची योग्य ती वजाबाकी-बेरीज करून जी मूल्ये निघतात, त्यांच्या मध्यकापेक्षा आपले मूल्य जास्त असेल तर ते मध्यकावर आणावे लागते. यासाठी विक्रीच्या किमती लागतच नाहीत. इतर घरांना कार्यालयाने लावलेली मूल्ये लागतात, आणि ती सगळी कार्यालयाच्याच संकेतस्थळावर उघडी असतात. घर ज्या किमतीला घेतले त्यापेक्षा नोटिशीतले मूल्य कमी असले, तरी हा मुद्दा टिकतो.

उत्तर डॅलसच्या किंवा केटीच्या वसाहतींत एकाच विकासकाने एकाच आराखड्याची घरे ओळीने बांधलेली असतात, त्यामुळे तिथे हे काम आणखी सोपे होते. समजा आपल्या घराचे मूल्य ४ लाख ६५ हजार आहे. त्याच आराखड्याची, त्याच सुमारास बांधलेली पाच घरे घेतली. एकाला तिसऱ्या गाडीचे गॅरेज आहे, एकाला तलाव आहे. त्यांची किंमत कार्यालयाच्याच पत्रकात वेगळी दाखवलेली असते, ती वजा केली. उरलेले आकडे ४ लाख १२ हजार, ४ लाख २० हजार, ४ लाख २८ हजार, ४ लाख ४५ हजार आणि ४ लाख ६१ हजार आले. मधला आकडा ४ लाख २८ हजार, तेव्हा मागणी तीच. एकत्रित दर दोन टक्के धरला, तर या एका पानाच्या तक्त्याने सातशेच्या वर डॉलर वाचतात. घरे निवडताना फक्त स्वस्त तेवढी वेचू नयेत. अधिकाऱ्याला आपली वस्ती पाठ असते. शेजारची तीन घरे गाळून चार गल्ल्या पलीकडचे घर घेतले की ते त्याच्या लगेच लक्षात येते, आणि मग उरलेल्या तक्त्यावरचाही विश्वास उडतो.

हरकत दाखल झाल्यावर बहुतेक काउंट्या आधी अनौपचारिक भेट देतात. हॅरिस काउंटीसारख्या ठिकाणी संगणकावरूनच तडजोडीचा आकडा येतो आणि तो मान्य किंवा अमान्य करायचा असतो. समोरासमोरच्या भेटीत अधिकाऱ्यापुढे दोन पडदे आणि मागे दिवसभराची रांग असते. त्याला थोड्या वेळात कारण नोंदवून आकडा बदलायचा असतो, म्हणून पहिल्या पानावर तीनच ओळी असाव्यात: नोटिशीतले मूल्य, मागणीचे मूल्य, आणि का. आवाज चढवणारा माणूस त्याच्यासमोर सकाळपासून अनेकदा येऊन गेलेला असतो; शांतपणे तक्ता पुढे सरकवणारा क्वचित येतो. पुष्कळशा हरकती याच टेबलावर मिटतात. मात्र तडजोडीवर सही केली की त्या वर्षापुरता विषय संपतो. पुढ्यात आलेला आकडा मध्यकापासून फार दूर असेल, तर नम्रपणे नकार देऊन सुनावणीला जावे. पुनर्विलोकन मंडळाला कार्यालयाच्या नोंदीतल्या मूल्याहून अधिक मूल्य स्वतःहून ठरवता येत नाही, त्यामुळे हरकत घेतली म्हणून मूल्य वाढेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

सुनावणी पुनर्विलोकन मंडळापुढे होते. मंडळावर काउंटीतले रहिवासी असतात, अप्रेझल डिस्ट्रिक्टचे नोकर नसतात. घरांच्या सुनावणीला सहसा तिघे बसतात. एका बाजूला कार्यालयाचा अधिकारी, दुसऱ्या बाजूला मालक. सत्य सांगण्याची शपथ होते, ध्वनिमुद्रण सुरू होते, आणि साधारण पंधरा मिनिटांत सारे आटोपते. प्रत्येक सदस्यासाठी एक, अधिकाऱ्यासाठी एक आणि स्वतःसाठी एक अशा पुराव्याच्या प्रती न्याव्यात. फोनमधला फोटो हातोहात फिरवण्यात अर्धा वेळ जातो आणि तो नोंदीतही राहत नाही. दिवस सोयीचा नसेल, तर स्वतः हरकत लढवणाऱ्याला एकदा कारण न देता तारीख पुढे ढकलून घेता येते. फोनवरून हजर राहायचे असेल, तर पुरावा शपथपत्रासह आधी पाठवावा लागतो. न कळवता गैरहजर राहणाऱ्याचे मात्र सहसा सगळेच जाते.

या खोलीत एक गोष्ट घरमालकाने पक्की लक्षात ठेवावी. मूल्य बरोबर आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कार्यालयावर असते. मालकाने दहा लाख डॉलरपर्यंतच्या मालमत्तेसाठी परवानाधारक मूल्यांककाचा अहवाल सुनावणीच्या १४ दिवस आधी दिला असेल, तर ही जबाबदारी आणखी कठोर होते. म्हणून आपली बाजू मांडून झाल्यावर अधिकाऱ्याच्या तक्त्याकडे वळावे. त्याने घेतलेली घरे किती अंतरावर आहेत, केव्हा विकली गेली, त्यांची नव्याने डागडुजी झाली होती का, फरकाची रक्कम कशावरून काढली, हे एकेक विचारावे. भारतातून आलेल्या अनेकांना सरकारी माणसाला असे विचारणे अवघड वाटते. इथे ते उद्धटपणाचे मानले जात नाही. मंडळाचे सदस्य उलट त्याचीच वाट पाहत असतात.

हे सारे हरकती लढवणाऱ्या कर-एजंटावरही सोपवता येते. बहुतेक एजंट वाचलेल्या कराचा काही भाग घेतात आणि काहीच वाचले नाही तर काही घेत नाहीत. वेळ नसणाऱ्याला ही सोय चांगली आहे. पण हजारो घरे हाताळणारा एजंट घराच्या आतली भेग पाहायला येत नाही. तो वस्तीचे आकडे मांडतो. ज्या घराचे दुखणे खास त्याचेच आहे, त्याच्या मालकाने फोटो आणि अंदाजपत्रक एजंटाकडे आधीच पोचवावे. करारात दरवर्षी आपोआप नूतनीकरणाचे कलम असते का, तेही पाहावे.

मंडळाचा लेखी आदेश आल्यावर पटला नाही तर ६० दिवसांत लवाद मागता येतो किंवा जिल्हा न्यायालयात जाता येते. लवादासाठी राहत्या घराला मूल्यानुसार ४५० किंवा ५०० डॉलर अनामत भरावी लागते. लवादाचा आकडा कार्यालयापेक्षा मालकाच्या आकड्याच्या जवळ आला, तर थोडी रक्कम वजा करून ती परत मिळते. म्हणून इथे फार खालचा आकडा मागणे अंगाशी येते. ज्याने त्या वर्षी हरकतच घेतली नाही, त्याच्यासाठी एक उशिराची वाट आहे: राहत्या घराचे मूल्य एक चतुर्थांशाहून, इतर मालमत्तेचे एक तृतीयांशाहून अधिक जास्त लावले असेल तर कर थकीत होण्यापूर्वी दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मूल्य उतरले तर सुधारित कराच्या दहा टक्के दंड मात्र भरावा लागतो.

वाद चालू असला तरी कर ३१ जानेवारीपर्यंत भरायचाच असतो. न्यायालयात गेलेल्या मालकाने निदान वादात नसलेली रक्कम वेळेवर भरली नाही, तर दावाच धोक्यात येतो. कर्ज असलेल्या घरांचा कर बहुधा बँक एस्क्रोतून, म्हणजे हप्त्याबरोबर करासाठी जमा केलेल्या पैशांतून, भरते. त्यामुळे मूल्य कमी झाल्याचा फायदा हातात न येता पुढच्या वर्षीच्या हप्त्यात दिसतो. हप्ता तसाच राहिला तर आदेशाची प्रत बँकेला पाठवून फेरहिशेब मागावा. हा आदेश पुढच्या वर्षीही लागतो. हरकतीतून उतरलेले मूल्य लगेच पुढच्या वर्षी वाढवायचे असेल, तर कार्यालयाकडे त्यासाठी स्पष्ट आणि खात्री पटवणारा पुरावा असावा लागतो, आणि मूल्य असमानतेच्या मुद्द्यावर उतरले असेल तर त्या तुलनेतल्या घरांबाबत ती असमानता दूर झाल्याचे दाखवावे लागते. त्यामुळे पुढच्या हरकतीत मागच्या आदेशाची प्रत आणि तेव्हा वापरलेला तक्ता ही दोन पाने सर्वांत वर लावावीत.